गेम अडखळतो? नवे कार्ड घेण्याआधी सेटिंग तपासा

प्रतिनिधी, यवतमाळ

संगणकावरील खेळ मध्येच अडखळू लागला, की घरात एकच मागणी सुरू होते : नवे ग्राफिक्स कार्ड हवे. उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या, की तिला अधिकच जोर चढतो. ज्या घराचे वर्षभराचे गणित कापूस आणि सोयाबीनच्या भावावर अवलंबून असते, तेथे काही हजारांचे कार्ड ही किरकोळ बाब नव्हे. त्यातच २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भावही चढले आहेत. अशा वेळी पाकीट उघडण्यापूर्वी गेममधील सेटिंगचे पान उघडून पाहणे अधिक शहाणपणाचे ठरते. बऱ्याचदा दोष कार्डाचा नसतोच. तो कधी चुकीच्या सेटिंगमध्ये, कधी रॅमच्या मांडणीत, तर कधी चक्क टेबलाखालच्या धुळीत दडलेला असतो.

आपल्याकडे घरोघरी असणारे संगणक कोणते, हे आधी लक्षात घ्यायला हवे. मोठ्या शहरांतील कार्यालयांनी काढून टाकलेले, दुरुस्त करून पुन्हा विक्रीला आलेले डेल, एचपी किंवा लेनोव्होचे संच जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या संख्येने विकले जातात. संच म्हणून ते दणकट असतात. मात्र त्यात ‘जीटी ७१०’सारखे एखादे कार्ड बसवून त्याला ‘गेमिंग पीसी’ म्हणून विकण्याची पद्धतही रूढ आहे. २०१६ मध्ये बाजारात आलेले हे कार्ड मुळात मॉनिटर जोडण्याची आणि चित्रपट पाहण्याची सोय म्हणून बनवलेले होते. २०२१ मध्ये आलेल्या ‘रायझन ५ ५६००जी’ या प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्स या स्वतंत्र कार्डाच्या कितीतरी पुढे आहे. शिवाय त्या पिढीच्या कार्डांसाठी गेमची नवी ड्रायव्हर आज्ञावली देणे एनव्हिडियाने २०२१ मध्येच थांबवले. डब्यावर ‘२ जीबी’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते. परंतु ती स्मृतीची क्षमता आहे, वेगाची नव्हे. धान्याचे कोठार मोठे असले, म्हणून जाते वेगाने फिरत नाही.

अडखळणे म्हणजे नेमके काय?

पडद्यावरील हालचाल ही एकामागून एक येणाऱ्या स्थिर चित्रांची मालिका असते. या प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. सेकंदाला ६० फ्रेम दाखवायच्या, तर एक फ्रेम तयार करण्यासाठी संगणकाला १६.७ मिलिसेकंद मिळतात. ३० फ्रेमसाठी ३३.३ मिलिसेकंद. एवढ्या अवधीत प्रोसेसरने खेळातील पात्रे, वाहने, टक्कर, गोळीबार यांचा हिशेब करायचा आणि ग्राफिक्स कार्डाने त्यावरून चित्र रंगवायचे. दोघांपैकी जो मागे पडेल, त्याच्या गतीने खेळ चालतो. बैलजोडीतला एक बैल थकला, की दुसरा कितीही ताजा असला तरी बंडीचा वेग थकलेल्याच्या चालीवर येतो, तसेच हे आहे.

येथे एक घोटाळा दूर करायला हवा. मुले सरसकट ‘लॅग मारतो’ असे म्हणतात. पण त्यात दोन वेगळे आजार एकत्र आलेले असतात. पडद्यावरील चित्रच तुटक दिसत असेल, तर तो फ्रेमचा प्रश्न आहे. चित्र गुळगुळीत आहे, पण प्रतिस्पर्धी अचानक एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारतो किंवा गोळी उशिरा लागते, तर तो इंटरनेटचा प्रश्न आहे. यवतमाळ ते मुंबई हे अंतर सुमारे ७०० किलोमीटर. प्रकाशतंतूतून एवढा जाऊन-येऊन प्रवास करायला संदेशाला जेमतेम सात मिलिसेकंद पुरतात. तरीही पिंग शंभरावर जात असेल, तर खोळंबा वाटेतल्या जाळ्यात, मोबाइलच्या हॉटस्पॉटमध्ये किंवा घरातील वायफायमध्ये आहे. कधी कधी गेमने मुंबईऐवजी सिंगापूरचा सर्व्हर निवडलेला असतो, तेवढे तपासावे. या आजारावर ग्राफिक्सचे एकही सेटिंग लागू पडत नाही आणि नवे कार्ड तर मुळीच नाही.

पाच मिनिटांची परीक्षा

आता फ्रेमच्या प्रश्नाकडे वळू. दोष प्रोसेसरचा की कार्डाचा, हे ओळखण्यासाठी कोणतीही आज्ञावली विकत घ्यावी लागत नाही. गेममधील किंवा स्टीममधील फ्रेम मोजणारा आकडा सुरू करावा. खेळातील एखादी ठराविक जागा निवडून तेथे उभे राहावे आणि आकडा लिहून ठेवावा. मग रिझोल्यूशन एकदम खाली, म्हणजे १२८० बाय ७२० वर आणावे व त्याच जागी पुन्हा आकडा पाहावा. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. १२८० बाय ७२० वर ९ लाख २१ हजार ६००. म्हणजे कार्डाचे रंगवण्याचे काम निम्म्याहून खाली आले. यानंतर फ्रेम भराभर वाढल्या, तर अडचण ग्राफिक्सची आहे. आकडा जवळपास तेवढाच राहिला, तर प्रोसेसर किंवा रॅम मागे पडत आहे, आणि कितीही महागडे कार्ड आणले तरी त्या जागी फ्रेम फारशा वाढणार नाहीत. कार्डाच्या खरेदीचा निर्णय या एका परीक्षेवर सोपवता येतो. दुकानात जाण्याआधी ती प्रत्येकाने करावी, असे आग्रहाने सांगावेसे वाटते.

विंडोजमधील टास्क मॅनेजरही साक्ष देतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबल्यावर परफॉर्मन्स या भागात प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स यांचा वापर टक्क्यांत दिसतो. खेळ चालू असताना ग्राफिक्सचा आकडा शंभराच्या जवळ असेल, तर ते पूर्ण ताकदीने राबत आहे. तो पन्नास-साठवर रेंगाळत असेल आणि तरी खेळ अडखळत असेल, तर कार्ड बिचारे प्रोसेसरची वाट पाहत बसलेले असते. काउंटर-स्ट्राइक २ किंवा व्हॅलोरंटसारख्या खेळांत, विशेषतः जुन्या प्रोसेसरवर, हे चित्र वारंवार दिसते.

कोणते सेटिंग किती खाते?

बहुतेक जण लो, मीडियम, हाय यांपैकी एक तयार पर्याय निवडून मोकळे होतात. त्यामुळे ज्या गोष्टी फारसा भार न टाकता चित्र देखणे करतात, त्याही अकारण बंद होतात. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने २०२० मध्ये ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा भारतीय पुराणकथांवर आधारलेला खेळ आणला. तो अनरिअल इंजिन ४ वर बांधलेला आहे. या इंजिनात चित्राच्या दर्जाचे जे गट मुळातच पाडलेले आहेत, ते समजून घेतले तर इतर बहुतेक खेळांची पानेही वाचता येतात : किती दूरवरचे दिसावे, कडा किती गुळगुळीत असाव्यात, सावल्या, पृष्ठभागांचा पोत, धूर-ठिणग्यांसारखे परिणाम, झाडोरा आणि चित्र पूर्ण झाल्यावर त्यावर चढवले जाणारे संस्कार.

यांत सर्वांत खादाड म्हणजे सावल्या. सावली काढण्यासाठी तेच दृश्य प्रकाशाच्या दिशेने पुन्हा एकदा रेखाटावे लागते. सर्वोच्च पातळीवरून मध्यम पातळीवर आणल्यास खेळण्याच्या धांदलीत फरक फारसा जाणवत नाही, फ्रेम मात्र वाढतात. त्याखालोखाल प्रतिबिंबे, धुक्यातून झिरपणारा प्रकाश आणि कोपऱ्यांतील काळोखी गडद करणारे ‘ॲम्बियंट ऑक्लुजन’ यांचा क्रम लागतो. रे ट्रेसिंग हा पर्याय दिसला, तर साध्या संगणकावर तो विनासंकोच बंद ठेवावा. कडा गुळगुळीत करणारी ‘एमएसएए’ ही जुनी पद्धत चार किंवा आठ पटींवर ठेवली, की जुने कार्ड धापा टाकू लागते. त्याऐवजी ‘एफएक्सएए’ किंवा ‘टीएए’ निवडावे. मोशन ब्लर बंद केल्याने फ्रेम फारशा वाढत नाहीत, पण चित्र स्वच्छ दिसते.

पोत, अर्थात टेक्श्चर, यांचा हिशेब वेगळा आहे. त्यांचा भार वेगावर कमी आणि कार्डाच्या स्मृतीवर जास्त असतो. स्मृतीत मावतात तोवर ते उच्च ठेवले तरी चालते. एकदा का ते मावेनासे झाले, की मुख्य रॅममधून ये-जा सुरू होते आणि मान वळवताच खेळ झटका देतो. आपल्याकडे वर्षानुवर्षे खेळल्या जाणाऱ्या जीटीए ५ मध्ये, संगणकावर २०१५ मध्ये आलेल्या मूळ आवृत्तीपासूनच, सेटिंगच्या पानावर स्मृतीचा वापर दाखवणारी पट्टी दिलेली आहे. ती मर्यादेच्या आत राहील एवढेच पाहावे. याच खेळातील गवताचे सेटिंग कुप्रसिद्ध आहे. शहरात सुसाट चालणारा गेम डोंगराळ भागात शिरताच मरगळतो, तो त्या गवतापायी. गर्दीची घनता आणि दृश्याचे अंतर ही सेटिंग मात्र प्रोसेसरवरही भार टाकतात. वरील परीक्षेत प्रोसेसर दोषी ठरला असेल, तर सावल्यांच्या आधी या दोघांकडे वळावे.

एवढे करूनही भागले नाही, तर रिझोल्यूशनला हात घालावा. १६०० बाय ९०० वर ठिपके जवळपास ३० टक्क्यांनी कमी होतात. त्याहून चांगला मार्ग म्हणजे ‘एफएसआर’. एएमडीने २०२१ मध्ये आणलेले हे तंत्र चित्र लहान आकारात रंगवते आणि मग हुशारीने मोठे करून दाखवते. एनव्हिडियाच्या ‘डीएलएसएस’ला आरटीएक्स मालिकेचे कार्ड लागते, एफएसआरचे मूळ रूप जुन्या कार्डांवर व अंगभूत ग्राफिक्सवरही चालते, अर्थात गेममध्ये ती सोय दिलेली असेल तर. पर्यायांतील ‘क्वालिटी’पासून सुरुवात करावी. ‘परफॉर्मन्स’वर गेल्यास लहान पडद्यावर दूरची माणसे धूसर दिसतात आणि नेमबाजीच्या खेळात ते महागात पडते.

फ्रेमवर मर्यादा घालणे अनेकांना उलटे वाटते. फ्रेम वाढवायच्या म्हणून सगळा खटाटोप, मग मर्यादा कशाला? परंतु कधी ७० तर कधी २५ अशा हेलकाव्यांपेक्षा सलग ४० फ्रेम डोळ्यांना अधिक सुखावह असतात. व्ही-सिंक सुरू असताना ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर संगणकाला ५० फ्रेमच जमत असतील, तर काही खेळांत आकडा थेट ३० वर आपटतो. अशा वेळी व्ही-सिंक बंद करून गेममधील फ्रेम लिमिट वापरावी. अपवाद जुन्या खेळांचा. नेट कॅफेच्या काळात गाजलेल्या जीटीए सॅन अँड्रियासमध्ये फ्रेम लिमिटर बंद केला, की पात्रांच्या हालचालींचे गणितच बिघडते. तेथे तो सुरूच राहू द्यावा.

मे महिना आणि कापूस

आतापर्यंतचे बरेचसे पुण्या-मुंबईतील खेळाडूलाही लागू पडते. यवतमाळ जिल्ह्यात मात्र आणखी एक सेटिंग आहे, ते पडद्यावर दिसत नाही. जानेवारीत नीट चालणारा गेम मे महिन्यात पहिली दहा-पंधरा मिनिटे बरा चालतो आणि मग अडखळू लागतो, अशी तक्रार असेल तर कारण बहुधा उष्णतेचे असते. प्रोसेसर किंवा कार्ड ठरावीक तापमानाला पोहोचले, की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच उतरवते. पंखा आणि धातूच्या पात्या किती उष्णता बाहेर टाकू शकतील, हे आतील आणि बाहेरील तापमानांतील फरकावर ठरते. प्रोसेसर ९० अंशांवर आणि खोली २५ अंशांवर असेल, तर फरक ६५ अंशांचा. बाहेर पारा ४४-४५ वर असताना खोली ४२ अंशांवर गेली, की फरक उरतो ४८ अंशांचा. तोच पंखा, तेच यंत्र. पण उष्णता बाहेर फेकण्याची ताकद सुमारे एक चतुर्थांशाने घटली.

त्यात भर धुळीची. भाव येईपर्यंत कापूस घरातच साठवून ठेवण्याची वेळ जिल्ह्यातील हजारो शेतकऱ्यांवर येते. ज्या खोलीत कापसाची थप्पी, त्याच किंवा शेजारच्या खोलीत संगणक असेल, तर उडणारे तंतू पंख्याच्या ओढीने थेट आत जातात आणि धातूच्या पात्यांवर नमद्यासारखा थर धरतात. बाहेरून काहीच दिसत नाही. वरून संगणक ठेवण्याची आपली तऱ्हा अशी, की टेबलाच्या लाकडी कप्प्यात ती पेटी (जिला आपण सारे ‘सीपीयू’ म्हणतो) कोंबायची आणि धूळ बसू नये म्हणून तिच्यावर कापडी झूल घालायची. खेळ चालू असताना ती झूल म्हणजे मे महिन्यात घातलेला स्वेटर होय. पेटी कप्प्याबाहेर काढावी, मागच्या बाजूला वीतभर मोकळी जागा सोडावी.

सफाई वर्षातून किमान दोनदा, एकदा कापसाचा हंगाम संपल्यावर आणि एकदा उन्हाळा सुरू होण्यापूर्वी करावी. वीज पूर्ण बंद करून, प्लग काढून बाजूचे झाकण उघडावे. मऊ कुंचला आणि हवेचा ब्लोअर पुरेसा होतो. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. जोराच्या हवेने ते भरधाव फिरले तर पंखा खराब होऊ शकतो. आठ-दहा वर्षे जुन्या संचात प्रोसेसर आणि पंख्यामधील थर्मल पेस्ट वाळून गेलेली असते. ती बदलण्याचा खर्च नव्या कार्डाच्या तुलनेत नगण्य असतो आणि एवढ्यानेच खेळ सुरळीत झाल्यास नवल वाटू नये.

कूलर म्हटले, की विदर्भात खिडकीतला कूलरच डोळ्यांसमोर येतो. त्या खोलीत संगणक ठेवणे चांगलेच. गार हवेचा लाभ त्यालाही मिळतो. मात्र तुषारांसह येणारा थेट झोत पेटीवर नको. लॅपटॉप गादीवर किंवा मांडीवर ठेवू नये, कारण त्याचे हवा ओढणारे तोंड बहुधा तळाशी असते. लॅपटॉप फारच तापत असेल, तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के करावी. बहुतेक लॅपटॉपवर या एका टक्क्याने प्रोसेसरची ‘टर्बो’ उसळी बंद होते, उष्णता उतरते आणि खेळ एका लयीत चालतो. हा पर्याय काही संचांवर दिसत नाही; तेव्हा फ्रेम लिमिटवरच विसंबावे.

विजेचेही तसेच आहे. लॅपटॉप बॅटरीवर चालू असताना ग्राफिक्सची ताकद आपोआप आवरती घेतली जाते. वीज गेलेली असताना ‘गेम स्लो झाला’ म्हणून सेटिंग बदलत बसू नये. घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंतच भार पेलतो. कार्ड बसवल्यानंतर खेळ ऐन रंगात आला असता संगणक अचानक बंद पडून पुन्हा सुरू होत असेल, तर गेमला दोष देण्याआधी यूपीएसची बॅटरी आणि पेटीतील एसएमपीएस तपासून घ्यावा. कार्यालयीन वापराच्या चपट्या पेट्यांत एसएमपीएस बहुधा अडीचशे वॅटच्या आसपासचाच असतो.

‘बूस्टर’पासून सावध

एका क्लिकमध्ये फ्रेम दुप्पट करून देतो, असे सांगणाऱ्या आज्ञावल्या इंटरनेटवर शेकड्याने आहेत. त्या जे करतात, त्यातले उपयोगाचे तेवढे आपण स्वतः दोन मिनिटांत करू शकतो : मागे चालू असलेला ब्राउझर बंद करणे, संगणकासोबत आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टी टास्क मॅनेजरमधून थांबवणे, ग्राफिक्सचा ड्रायव्हर कंपनीच्याच संकेतस्थळावरून घेणे. उरलेले निरुपयोगी असते किंवा घातक. गेमसाठी म्हणून वाटली जाणारी विंडोजची ‘लाइट’ आवृत्ती आणि कुलूप तोडलेले गेम यांचा धोका तर अधिकच मोठा. कारण त्याच संगणकावरून मुलीच्या प्रवेशाचा अर्ज भरला जातो, सातबारा काढला जातो, बँकेचे व्यवहार होतात. अशा आवृत्तीत सुरक्षेची यंत्रणाच काढून टाकलेली असली, तर दहा फ्रेमच्या मोबदल्यात खात्याचा पासवर्ड जाऊ शकतो.

विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि चौथ्या-पाचव्या पिढीचे आय ५ प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाहीत, ही या जुन्या संचांची खरी अडचण आहे. स्टीमने तर विंडोज ७ आणि ८ ची साथ १ जानेवारी २०२४ पासूनच सोडली.

सगळे उपाय करूनही खर्च करावाच लागला, तर पहिला रुपया कुठे टाकायचा, याचे उत्तर संचागणिक बदलते. अंगभूत ग्राफिक्सवर खेळणाऱ्याने आधी पेटी उघडून रॅमच्या पट्ट्या मोजाव्यात. अंगभूत ग्राफिक्सला स्वतःची स्मृती नसते, ते मुख्य रॅमच वापरते. डीडीआर ४ प्रकारची ३२०० वेगाची एकच पट्टी सेकंदाला २५.६ जीबी माहिती देऊ शकते; तशाच दोन पट्ट्या योग्य खाचांत बसवल्या, तर ५१.२ जीबी. म्हणजे ८ जीबीच्या एका पट्टीच्या जोडीला तशीच दुसरी बसवणे हे अशा संचावर स्वस्त कार्डापेक्षा अधिक फलदायी ठरू शकते. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आल्यास फ्रेम फारशा वाढत नाहीत, पण खेळ उघडण्याचा वेळ आणि नव्या भागात शिरताना बसणारे झटके कमी होतात.

कार्डच घ्यायचे ठरले, तर वेगळी वीजजोडणी न मागणारे, म्हणजे ७५ वॅटच्या आतले कार्ड पाहावे. ‘जीटीएक्स १०५० टीआय’ आणि ‘जीटीएक्स १६५०’ यांची अनेक मॉडेल या वर्गातली असून ती वापरलेली मिळतात. चपट्या पेटीसाठी कमी उंचीचे मॉडेल लागते. पेटीची मापे कागदावर लिहूनच दुकानात जावे. वापरलेले कार्ड दुकानातच एखाद्या जड खेळावर अर्धा तास चालवून दाखवायला सांगावे, आणि शक्यतो दुपारच्या वेळी.